भू-अवकाशीय डेटाबेसमधील अंतराचे एकक : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : अंश, मीटर, सागरी मैल, प्रक्षेपण, सागरी किनारा नियमन क्षेत्र, रायगड

प्रस्तावना

रायगडच्या किनाऱ्यावर अंतराची एकके आजही एकाहून अधिक आहेत. अलिबागहून मुरूड किती लांब, हे एस.टी.चा वाहक किलोमीटरमध्ये सांगतो. मासेमारीच्या होडीवरील तांडेल किनाऱ्यापासूनचे अंतर सागरी मैलांत आणि पाण्याची खोली वावांत मोजतो. नागाव-चौलच्या बाजूचा वाडीवाला आपली जमीन गुंठ्यांत सांगतो आणि त्या गुंठ्यामागे मोजणीची ३३ फुटी, सोळा आण्यांची साखळी उभी असते. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. या सर्व व्यवहारांत एककाचा उच्चार झाला नाही तरी अडत नाही. बोलणारा कोण आणि विषय कोणता, यावरून ऐकणारा एकक जाणतो.

संगणकीय डेटाबेसमध्ये असा जाणता श्रोता नसतो. 'भरतीरेषेपासून ५०० च्या आतील घरे' अशी पृच्छा केली, तर हे ५०० मीटर, फूट की अंश, असा प्रतिप्रश्न बहुतेक प्रणाली करीत नाहीत. ज्या निर्देशक पद्धतीत माहिती साठविलेली असते, त्या पद्धतीचे एकक गृहीत धरून त्या उत्तर देतात आणि ते उत्तर नकाशावर सुबकपणे उमटते. भूगोल, पर्यावरणशास्त्र, संगणकशास्त्र व ग्रामीण विकास या विषयांच्या विद्यार्थी-प्रकल्पांत अशा पृच्छा आता नित्याच्या झाल्या आहेत. म्हणून अंतराचे एकक नेमके कोठे ठरते आणि रायगडसारख्या किनाऱ्यावर त्यातील चूक कोणत्या दिशेने पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अंश आणि अंतर

महाविद्यालयीन कार्यक्रमांच्या 'जिओटॅग' छायाचित्रांमुळे अक्षांश-रेखांशांचे आकडे आता प्रत्येक विभागाच्या परिचयाचे झाले आहेत. भ्रमणध्वनीवरून मिळणारे हे आकडे डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक पद्धतीतील असून डेटाबेसच्या परिभाषेत ती पद्धत ईपीएसजी ४३२६ या क्रमांकाने ओळखली जाते. तिचे एकक अंश आहे. अंश हे कोनाचे माप होय, अंतराचे नव्हे. एका अंशाचे किती मीटर होतात, हे आपण पृथ्वीवर कोठे उभे आहोत आणि कोणत्या दिशेने मोजत आहोत, यावर अवलंबून असते.

रायगड किनाऱ्याच्या मध्यभागी, म्हणजे १८.५ उत्तर अक्षांशाजवळ, दक्षिणोत्तर एक अंश सुमारे ११०.६९ किलोमीटरचा भरतो. पूर्व-पश्चिम एक अंश मात्र सुमारे १०५.६० किलोमीटरचाच असतो. रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्याचा हा परिणाम आहे. दोन्हींतील फरक पाच टक्क्यांहून थोडा कमी आहे.

'एक अंश म्हणजे १११ किलोमीटर' हे समीकरण पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र रूढ आहे. त्याचे मूळ मीटरच्या जन्मातच आहे. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, अशी त्याची आरंभीची कल्पना होती. दहा हजार किलोमीटरला नव्वद अंशांनी भागले की १११.११ हा आकडा येतो. म्हणजे हे समीकरण मुळात दक्षिणोत्तर दिशेचे आहे. ते पूर्व-पश्चिम दिशेस लावले की विषुववृत्तापासून दूर जावे तसतशी चूक वाढत जाते.

पोस्टजीआयएस या मुक्त प्रणालीत ४३२६ पद्धतीतील 'जॉमेट्री' प्रकारच्या स्तंभावर '५०० च्या आत' अशी पृच्छा केल्यास ते ५०० अंश मानले जातात. सपाट मानलेल्या अंशांच्या नकाशावर कोणतेही दोन बिंदू इतके दूर असूच शकत नाहीत. परिणामी कोष्टकातील झाडून सर्व नोंदी उत्तरात येतात. ही चूक बोलकी आहे. विद्यार्थी दचकतो आणि कारण शोधू लागतो. खरी अडचण पुढच्या पायरीवर सुरू होते. तो ५०० मीटरला १११ किलोमीटरने भागतो, ०.००४५ हा आकडा मिळवतो आणि पृच्छेत घालतो. आता नकाशावर किनाऱ्यालगत एक नेटका पट्टा दिसू लागतो आणि शंका घेण्याचे कारण उरत नाही.

पाचशे मीटरचा पट्टा

५०० मीटर हा आकडा येथे उदाहरणादाखल घेतलेला नाही. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघालेल्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून जमिनीकडील ५०० मीटरचा पट्टा सागरी किनारा नियमन क्षेत्र म्हणून निश्चित केला. २०११ व २०१९ च्या अधिसूचनांतही समुद्रकिनाऱ्यासाठी हे अंतर कायम राहिले. ग्रामीण किनाऱ्यावरील 'ना विकास क्षेत्र' पूर्वी २०० मीटरचे होते. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोकसंख्या असलेल्या ग्रामीण भागासाठी ते ५० मीटरवर आणले; अन्य ग्रामीण भागासाठी २०० मीटर कायम ठेवले. घराची दुरुस्ती, नवे बांधकाम, पर्यटकांसाठीचे निवास, कोळीवाड्यातील वाढती कुटुंबे अशा अनेक प्रश्नांची उत्तरे या आकड्यांशी बांधलेली आहेत.

आता ०.००४५ अंशांचा पट्टा जमिनीवर किती रुंद पडतो ते पाहू. मांडव्यापासून हरिहरेश्वरपर्यंतचा किनारा ढोबळमानाने दक्षिणोत्तर धावतो. दक्षिणेकडे तो किंचित पूर्वेस कलतो, इतकेच. समुद्र पश्चिमेस आणि जमीन पूर्वेस असल्याने भरतीरेषेपासून जमिनीकडे मोजायचे अंतर जवळजवळ संपूर्णपणे पूर्वेच्या दिशेने मोजले जाते. त्या दिशेने ०.००४५ अंश म्हणजे ४७५ मीटर. पट्टा २५ मीटरनी अरुंद पडतो. २०० मीटरच्या ना विकास क्षेत्रासाठी ०.००१८ अंश घेतल्यास प्रत्यक्षात १९० मीटरच मोजले जातात. १९५ मीटरवर उभे असलेले घर यादीबाहेर राहते.

पंचवीस मीटर ही किरकोळ बाब वाटू शकेल. किनाऱ्याच्या प्रत्येक किलोमीटरमागे ती सुमारे २४,८०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास २४५ गुंठे, सहा एकरांहून थोडी अधिक जमीन होते. नारळ-पोफळीच्या वाड्या जेथे गुंठ्यागुंठ्याने वाटल्या गेल्या आहेत, तेथे सहा एकरांत अनेक कुटुंबांची नावे असतात.

खाडीकाठी हीच पृच्छा वेगळे वागते. सावित्री नदीची बाणकोट खाडी साधारणपणे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे तिच्या काठापासूनचे अंतर उत्तरेकडे वा दक्षिणेकडे मोजले जाते. २०११ च्या अधिसूचनेतील खाडीकाठच्या १०० मीटरसाठी (अथवा खाडीच्या रुंदीइतके, यांपैकी जे कमी असेल ते) ०.०००९ अंश वापरल्यास त्या दिशेने ९९.६ मीटर मिळतात. चूक अर्ध्या मीटरचीही नाही. एखाद्या विद्यार्थ्याने खाडीकाठच्या गावात फीत लावून आपली पृच्छा तपासली, तर ती अचूक असल्याचा निर्वाळा त्याला मिळेल, आणि त्याच विश्वासाने तो श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चुकीचा पट्टा आखेल. एका ठिकाणच्या पडताळणीवर विसंबणे येथे विशेष धोक्याचे ठरते, कारण चूक जागेपेक्षा दिशेवर अधिक अवलंबून आहे.

कायदेशीर निर्णय मान्यताप्राप्त किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशांवरूनच होतात, महाविद्यालयीन पृच्छेवरून होत नाहीत, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. तथापि गावपातळीवरील पाहणी, ग्रामसभेपुढील चर्चा, पदव्युत्तर प्रबंधिका यांत हेच आकडे फिरतात आणि एकदा छापले गेले की पुढील अभ्यासात आधार म्हणून येतात.

मीटरही एकच नाही

अंशांचा घोळ टाळण्यासाठी माहिती मीटर एकक असलेल्या पद्धतीत रूपांतरित करावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला योग्य आहे, पण अपुरा आहे. महाजालावरील नकाशांसाठी वापरले जाणारे वेब मर्केटर प्रक्षेपण (ईपीएसजी ३८५७) आपले एकक मीटर असल्याचे सांगते. हा मीटर केवळ विषुववृत्तावर खरा आहे. तेथून उत्तरेकडे वा दक्षिणेकडे जाताना हे प्रक्षेपण सर्व दिशांनी ताणले जाते, १८.५ अक्षांशावर हा ताण सुमारे साडेपाच टक्के असतो. म्हणून वेब मर्केटरमध्ये घेतलेले ५०० 'मीटर' रायगडच्या जमिनीवर सुमारे ४७४ मीटरच भरतात. अंशांच्या चुकीतून सुटलेला अभ्यासक योगायोगाने जवळपास त्याच चुकीत पुन्हा येऊन पडतो. फरक इतकाच, की या वेळी एककाचे नाव बरोबर असते आणि चूक खाडीकाठीही तितकीच येते.

रायगडसाठी उचित पर्याय यूटीएम पद्धतीचा ४३ वा उत्तर विभाग (ईपीएसजी ३२६४३) हा आहे. ७२ ते ७८ पूर्व रेखांशांचा पट्टा त्यात येतो आणि त्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंशांवर आहे. श्रीवर्धनजवळ या पद्धतीत ५०० मीटरमागे सुमारे सात सेंटिमीटरची आणि अलिबागजवळ सुमारे अकरा सेंटिमीटरची तफावत पडते. भरतीरेषा आखण्यातच त्याहून कितीतरी मोठी अनिश्चितता असल्याने ही तफावत नजरेआड करण्यास हरकत नाही.

दुसरा मार्ग प्रक्षेपण न करता थेट पृथ्वीच्या पृष्ठावर अंतर मोजण्याचा आहे. पोस्टजीआयएसमध्ये २०१० च्या १.५ आवृत्तीपासून 'जिऑग्राफी' हा प्रकार उपलब्ध आहे. त्यात निर्देशक अंशांत राहतात, अंतर मात्र लंबगोलावर मोजून मीटरमध्ये दिले जाते. पृथ्वी पूर्ण गोल मानणारी सूत्रेही प्रचलित आहेत. त्यांतून रायगडजवळ ५०० मीटरमागे दक्षिणोत्तर दिशेने सव्वादोन मीटर आणि पूर्व-पश्चिम दिशेने पाऊण मीटर इतकी चूक येते. बहुतेक शैक्षणिक कामांस ती चालण्याजोगी आहे.

प्रणालीगणिक बदलणारे एकक

सर्व प्रणालींचा परिचय येथे करून देण्याचे प्रयोजन नाही. दोन-तीन उदाहरणे पुरेशी आहेत. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपर्यंत भौगोलिक निर्देशकांवरील 'एसटी-डिस्टन्स' हे कार्य सपाट पृष्ठावर गणित करून अंशांत उत्तर देत असे. २०१८ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीपासून ४३२६ पद्धतीत तेच कार्य मीटरमध्ये उत्तर देऊ लागले. पृच्छेतील एक अक्षरही न बदलता उत्तराचे एकक बदलले. जुन्या प्रकल्पाची आज्ञावली नव्या संगणकावर चढविताना ०.००४५ हा आकडा तसाच राहिला, तर आता तो साडेचार मिलिमीटर होतो आणि उत्तर रिकामे येते.

याच आवृत्तीत ४३२६ पद्धतीसाठी अक्षांश आधी व रेखांश नंतर असा क्रमही आला. अन्य अनेक प्रणाली रेखांश आधी घेतात. अलिबागचे निर्देशक उलट क्रमाने दिले, तर ते शहर ७२.९ उत्तर अक्षांशावर, नॉर्वेतील ट्रॉम्सोच्याही उत्तरेस समुद्रात जाते. विनोद बाजूला ठेवला तरी अंतराच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे, कारण तेथे पूर्व-पश्चिम अंश अवघा तेहतीस किलोमीटरच्या आसपास उरतो. नकाशा न उघडता केवळ अंतरांचे कोष्टक पाहणाऱ्याला आपली गावे आर्क्टिक वर्तुळापलीकडे गेल्याचे कळणारही नाही.

मोंगोडीबीमध्ये एकाच प्रणालीत तीन एकके आढळतात. जिओजेसन स्वरूपातील बिंदूंसाठी अंतर मीटरमध्ये द्यावे लागते. जुन्या पद्धतीच्या निर्देशक-जोडीवर गोलीय पृच्छा केल्यास ते रेडियनमध्ये, तर सपाट पृच्छा केल्यास अंशांत. याउलट ओरॅकलच्या अवकाशीय पृच्छेत अंतरासोबत एकक लिहिण्याची सोय आहे, तर रेडिसमध्ये ते लिहिल्यावाचून पृच्छा चालतच नाही. ही सक्ती सुरुवातीस जाचक वाटते, पण अध्यापनाच्या दृष्टीने तीच अधिक हितावह आहे.

फुटाचा मीटर होताना

एककाच्या रूपांतरातून उद्भवणारा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. भारतीय उपखंडाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीचा जो लंबगोल निश्चित केला, त्याचे माप फुटांत होते. हा भारतीय फूट नेमका किती मीटरचा, याविषयी पुढे वेगवेगळी गुणोत्तरे वापरली गेली. परिणामी त्याच लंबगोलाची विषुववृत्तीय त्रिज्या १९३७ च्या समायोजनानुसार ६३,७७,२७६.३४५ मीटर, १९६२ च्या व्याख्येनुसार ६३,७७,३०१.२४३ मीटर आणि १९७५ च्या व्याख्येनुसार ६३,७७,२९९.१५१ मीटर अशी नोंदली गेली. भारतीय फूट ०.३०४७९८४१ मीटरचा की ०.३०४७९९६ मीटरचा, एवढाच मूळ भेद. म्हणजे सहाव्या दशांश स्थानावरील फरकाने पृथ्वीच्या त्रिज्येत पंचवीस मीटरची तफावत आली. ईपीएसजीच्या सूचीत ही तिन्ही रूपे आजही स्वतंत्र क्रमांकांनी आढळतात आणि जुना नकाशा संगणकात बसविताना त्यांतील एकाची निवड करावीच लागते.

रायगडच्या अभ्यासकास याचे प्रत्यक्ष महत्त्व आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर आधारित होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापराच्या नकाशांसाठी डब्ल्यूजीएस ८४ व यूटीएम यांचा स्वीकार झाला. जुन्या नकाशावरील अक्षांश-रेखांश जसेच्या तसे नव्या पद्धतीतील मानले, तर या भागात बिंदू शंभर मीटरहून अधिक सरकतो. जुन्या नकाशावरून उचललेली भरतीरेषा आणि भ्रमणध्वनीवरून नोंदविलेली घरे एकाच पृच्छेत आणल्यास पट्टा कितीही काटेकोर आखला, तरी तो चुकीच्या जागेपासून मोजला जातो.

समुद्राकडील अंतर

भरतीरेषेच्या दुसऱ्या बाजूस सागरी मैलाचे राज्य सुरू होते. १९७६ च्या अधिनियमानुसार भारताचा प्रादेशिक समुद्र आधाररेषेपासून १२ सागरी मैलांचा आहे आणि या पट्ट्यातील मासेमारीचे नियमन राज्याकडे आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम लागू आहे. सागरी मैल मूलतः अक्षांशाच्या एका कलेइतका. १९२९ मध्ये मोनॅको येथील परिषदेत तो १८५२ मीटर असा निश्चित झाला. रायगडजवळ अक्षांशाची एक कला प्रत्यक्षात सुमारे १८४५ मीटरची भरते, म्हणून नकाशावरच्या कला मोजून काढलेले मैल आणि डेटाबेसने काढलेले मैल यांत थोडा फरक दिसल्यास गोंधळून जाऊ नये.

मोठी चूक 'मैल' या शब्दामुळे होते. रेडिसमधील मैल हा जमिनीवरील १६०९ मीटरचा मैल आहे. सागरी मैलाचा पर्याय तेथे नाही. १२ सागरी मैल म्हणजे २२.२ किलोमीटर, तर जमिनीवरचे १२ मैल म्हणजे १९.३ किलोमीटर. जवळजवळ तीन किलोमीटर समुद्र हिशेबातून गळतो. परराज्यातील वा यांत्रिक नौका हद्दीच्या आत होती की बाहेर, हा रायगडच्या पारंपरिक मच्छीमारांच्या उपजीविकेशी जोडलेला प्रश्न असल्याने तीन किलोमीटरचा अर्थ त्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सर्वच ठिकाणी इतक्या काटेकोरपणाची गरज नसते, हेही मान्य करावे लागेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. त्याच्या मार्गापासून अर्ध्या अंशातील गावे निवडली, तर पट्टा उत्तर-दक्षिण ५५ आणि पूर्व-पश्चिम ५३ किलोमीटरचा होईल. वादळाच्या विस्ताराच्या तुलनेत हा भेद निरर्थक आहे.

पडताळणीची एक सोपी रीत

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात कोणते एकक काम करीत आहे, हे ओळखण्यासाठी दोन अंतरे मोजून पाहणे पुरेसे आहे. रेवदंड्याच्या दक्षिणेकडील १८.५० उत्तर, ७२.९५ पूर्व हा बिंदू घ्यावा. त्यापासून ०.०१ अंश पूर्वेस एक आणि ०.०१ अंश उत्तरेस एक असे आणखी दोन बिंदू डेटाबेसमध्ये घालावेत व पहिल्या बिंदूपासून दोघांचे अंतर विचारावे. पूर्वेकडील उत्तर सुमारे १०५६ आणि उत्तरेकडील सुमारे ११०७ आल्यास गणित लंबगोलावर किंवा योग्य यूटीएम विभागात होत आहे. १०५४ आणि १११२ आल्यास पृथ्वी गोल मानलेली आहे. १११३ आणि ११७४ आल्यास वेब मर्केटर वापरले जात आहे. दोन्ही उत्तरे ०.०१ आल्यास प्रणाली अंशांतच बोलते आहे, आणि दोन्ही १११० आल्यास कोणीतरी त्या अंशांना १११ किलोमीटरने गुणले आहे. उत्तरेकडील उत्तर याहून वेगळे, ३३० च्या आसपास आले, तर अक्षांश-रेखांशांचा क्रम उलटा पडला असल्याचे समजावे. ही सहा उत्तरे प्रयोगशाळेतील फळ्यावर लिहून ठेवल्यास प्रबंधिकेवर सही करण्यापूर्वी मार्गदर्शकास ती पाच मिनिटांत ताडून पाहता येतील.